वाटाण्याएवढं मलम

मिरजेच्या आमच्या घरात आरसा एकच होता आणि तो बेसिनवर होता. बेसिन जेवणघराच्या दारात. त्यामुळे स्वतःच्या चेहऱ्याकडे बघायचं तर ते भर सभेत बघावं लागे. आजी भाजी निवडत बसलेली, बाबा दाढीसाठी खोळंबलेले आणि धाकटा भाऊ तोंडात ब्रश धरून "सरक ना" म्हणत असलेला. माझी पहिली पुटकुळी याच सभेत जाहीर झाली. नाकाच्या शेंड्यावर, अगदी मधोमध. मी बघायच्या आधी ती आजीने बघितली, आणि आजीने बघितली म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या वाड्याने बघितली.

"काय गं ते नाकावर?"

"पिंपल आलाय तिला," भाऊ पेस्टच्या फेसातून म्हणाला.

आजीला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. "पिंपळ? पिंपळ उगवला की उपटायला जाऊ नये. वरचं येतं हातात, मूळ राहतं आत, आणि मग भिंत फुटते."

सगळे पोट धरून हसले. पुढच्या तीस वर्षांत माझ्या चेहऱ्याबद्दल मला जेवढे सल्ले मिळाले, त्यांतला तेवढा एकच बरोबर होता, आणि तो देणारीला आपण भिंतीबद्दल बोलतोय असं वाटत होतं.

या प्रकाराला नावं देताना मराठीने हात आखडता घेतलेला नाही. 'तारुण्यपीटिका' हा शब्द मला फक्त मासिकांच्या सल्ला-सदरात भेटला. "आई, मला तारुण्यपीटिका आली!" असं कुणी किंचाळल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. 'मुरूम' हा त्यातल्या त्यात घरचा, पण तो रस्त्यावरही टाकतात. पावसाळ्यानंतर खड्डा बुजवायला मुरूम लागतो; चेहऱ्यावर मात्र मुरूम गेला की खड्डा राहतो. धाराशिव जिल्ह्यात उमरग्याजवळ मुरूम नावाचं एक गावच आहे. तिथल्या पोरांना कॉलेजात पहिल्या दिवशी "तुझं मुरूम कुठं आलं?" हा प्रश्न पत्त्यासाठी आहे की गालासाठी, हे कसं कळत असेल देव जाणे.

मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. पार कर्नाटकातून पेशंट रेल्वेने उतरतात आणि स्टेशनाबाहेर रिक्षावाला गावाचं नाव न विचारता "कुठल्या डॉक्टरकडे?" असं विचारतो. त्या गावात राहून पुटकुळ्यांसाठी डॉक्टरकडे जावं असं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. पुटकुळी हा आजार नव्हता, ते वय होतं. आणि वयावर उपाय करायला डॉक्टर कशाला, वडीलधारी माणसं होती की!

त्यांनी कसूर केली नाही. आजीने सहाणेवर दुधात जायफळ उगाळलं. आत्याने तुरटी फिरवली. मावशीने डाळीचं पीठ आणि साय कालवली. समोरच्या काकूंनी मुलतानी माती पाठवली. फाळणीत मुलतान तिकडे गेलं, माती मात्र आमच्या गालांवर येतच राहिली. भावाने टूथपेस्ट लावून बघितली, ती का हे त्यालाही सांगता आलं नसतं. पलीकडच्या वहिनींनी लसणाची पाकळी ठेचून चोळायला सांगितली. लसणाने भाजतं, हे फोडणी करणाऱ्या बाईला मी सांगायला नको होतं. त्यांची आठवण माझ्या उजव्या गालावर अजून आहे, तांदळाएवढी, तपकिरी.

आणि गंमत अशी की यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी लागू पडला. कारण साधी पुटकुळी पाच-सात दिवसांत आपली आपण बसते. सोमवारी जायफळ, मंगळवारी तुरटी, बुधवारी माती असं करत शनिवारी जे लावलेलं असेल त्याच्या नावावर विजय लागतो. दहा जणांनी घाम गाळल्यावर अकराव्याने बॅटची कड लागून चौकार मारावा आणि सामनावीर ठरावा, तसं आमच्याकडे टूथपेस्टचं नाव झालं.

कारणमीमांसाही घरचीच. एका शब्दात, उष्णता. आंबा उष्ण, शेंगदाणे उष्ण, अंडं तर उष्णच, आणि रात्री जागून अभ्यास केला की तोही उष्ण. (अभ्यास न केल्याने पुटकुळ्या गेल्याचं उदाहरण माझा भाऊ होता, पण त्याच्याकडे कुणी बघेना.) पुढे कधीतरी कळलं की सुश्रुताने यांची नोंद करून ठेवलीये. तरुणांच्या तोंडावर सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या येतात आणि त्या कफ, वात आणि रक्त यांनी होतात, असं तो म्हणतो. काटेसावरीचं खोड ज्याने बघितलंय त्याने या उपमेला दाद द्यावी. पण पित्ताचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे आजीची उष्णता सुश्रुताच्याही पुढची होती. उपाय म्हणून त्याने वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरीचा लेप सांगितलाय आणि शिवाय वमन. आत्याचा रक्तशुद्धीचा काढा घेतल्यावर मला जे व्हायचं ते अजाणता शास्त्रोक्तच होत होतं तर! फक्त एका गोष्टीसाठी मी सुश्रुतांना माफ केलेलं नाही. त्यांनी हा विकार 'क्षुद्ररोग' या सदरात टाकलाय. सोळाव्या वर्षी, स्नेहसंमेलनाच्या सकाळी, नाकावर आलेली क्षुद्र म्हणे!

क्रीम लावायचं तर तेही कारण दाखवून. नव्वदच्या दशकात आमच्यासारख्या घरात पुटकुळीसाठी लावलं तर औषध, आणि सहज लावलं तर नखरे. हा भेद आमच्याच आईचा आहे असं मला वाटायचं. पण विको टर्मरिक हे औषध की सौंदर्यप्रसाधन, हा अबकारी कराचा वाद थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2004 साली तिथे औषधाच्या बाजूने निकाल लागला. आई तो निकाल आरशासमोर रोज देत होती, फुकटात.

पण या सगळ्यांवरचा रामबाण उपाय म्हणजे लग्न. "लग्न झालं की जातात." हे वाक्य मी किमान चाळीस बायकांकडून ऐकलंय, आणि प्रत्येकीने ते आवाज उतरवून, डोळे बारीक करून सांगितलंय. खरी गोष्ट एवढीच की वयात येताना उसळलेली संप्रेरकं विशी ओलांडली की बहुतेकांची जरा शांत होतात आणि पुटकुळ्या आवरतं घेतात. आमच्याकडे नेमक्या त्याच वयात मुलींची लग्नं होत. म्हणजे काम काळाचं आणि श्रेय नवऱ्याचं. असं फुकटचं श्रेय नवऱ्यांना आणखीही पुष्कळ बाबतीत मिळतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मला बघायला आले तेव्हा हनुवटीवर एक होती. मुलगा पोहे खाताना सारखा तिच्याकडेच बघत होता. मी मनातल्या मनात नकार पचवून टाकला. लग्नानंतर सहा महिन्यांनी धीर करून विचारलं, तर म्हणाला, "मला वाटलं मोहरी चिकटलीय. सांगावं की नाही, ठरत नव्हतं."

तर लग्न झालं. त्या गेल्याही. आणि बेचाळिसाव्या वर्षी परत आल्या, जबड्याच्या कडेने, ओळीने, जुनी भाडेकरीण किल्ली स्वतःजवळच ठेवून गेलेली असावी तशा. आईला फोनवर सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. "अगं, पण लग्न तर झालंय तुझं," ती म्हणाली. तिचं वैद्यक तिथे संपत होतं.

त्याच सुमाराला लेकीच्या कपाळावर सुरू झाल्या होत्या. तिचं वय सोळा, आणि तिच्या आज्या-मावश्या मोबाइलमध्ये राहतात. आमच्या डोंबिवलीच्या बाथरूममधल्या फळीवर तिने नियासिनामाइड, सॅलिसिलिक ॲसिड, व्हिटॅमिन सी आणि गोगलगायीच्या चिकट स्रावाचं एक कोरियन सीरम मांडलं होतं. सासूबाईंनी शेवटच्या बाटलीत काय आहे ते विचारलं आणि मग चार दिवस त्या बाथरूममध्ये पाय ठेवताना आधी फळीकडे बघत. मी लेकीला हसणार होते. पण सोमवारी हे, मंगळवारी ते आणि शनिवारी जे असेल त्याला 'फाइव्ह स्टार' हा तिचा कार्यक्रम मला फारच ओळखीचा वाटला.

शेवटी आम्ही दोघी एकाच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधी काहीच केलं नाही, फक्त विचारलं, "आतापर्यंत काय काय लावलंत?" मी सांगत गेले. लसणापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. कातडीतल्या केसाच्या प्रत्येक रंध्राला आतून तेलाची एक ग्रंथी जोडलेली असते. अँड्रोजन संप्रेरकं वाढली (ती मुलींतही असतात) की ग्रंथी जास्त तेल सोडते. रंध्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बूच तयार होतं. तेल आत तुंबतं. तिथे मुळातच राहणारा एक जिवाणू असतो, सगळ्यांच्याच चेहऱ्यावर, अगदी सिनेतारकांच्याही. त्याला हे तेल म्हणजे पंगत. तो वाढतो, शरीराची फौज धावून येते, आणि मग लाली, सूज, पू. आमच्या सोसायटीची मोरी तुंबते तेव्हाही नेमकं हेच होतं, फक्त तिथे फौज येत नाही. या जिवाणूचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस होतं, ते 2016 मध्ये बदलून क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस केलं. नाव बदलल्याने गुण बदलल्याचं मात्र दिसत नाही.

"आणि हे बूच," त्या म्हणाल्या, "पुटकुळी दिसायच्या कित्येक आठवडे आधी बसायला लागतं." म्हणजे रविवारच्या लग्नाला शुक्रवारी उगवलेली पुटकुळी आयत्या वेळची पाहुणी नसते. ती पत्रिका छापायच्या आधीपासून येऊन बसलेली असते.

त्या अर्ध्या तासात माझ्या माहेरचे सगळे सिद्धांत एकेक करून कोसळले. ब्लॅकहेड काळा असतो तो मळाने नव्हे. बुचाचं तोंड उघडं राहतं आणि आतल्या रंगद्रव्यावर हवेची क्रिया होऊन ते काळं पडतं. आईने मला दिवाळीच्या पितळी समईसारखं जे घासलं ते सगळं वाया गेलं, उलट घासण्याने कातडी चिडते. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुवा, बस. दर रविवारी डोक्यावर थापलेलं अर्धी वाटी खोबरेल घरंगळत कपाळावर यायचं, तेही त्या रंध्रांत जाऊन बसत होतं. केसांना लावायच्या तेलकट लेपांनी कपाळावर पुटकुळ्या येतात हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1970 साली लिहून ठेवलंय आणि त्याला 'पोमेड ॲक्नी' असं नावही दिलंय. "तेल लावा ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण केसांना लावा. कपाळ कशाला तळताय?"

खाण्याचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा निघाला. चॉकलेटने पुटकुळ्या येत नाहीत असं 1969 च्या एका प्रसिद्ध अमेरिकन प्रयोगाने सांगितलं होतं. पासष्ट जणांना चॉकलेटचा बार आणि तसाच दिसणारा बिनचॉकलेटचा बार दिला. फरक पडला नाही. पुढे टीकाकारांनी दाखवून दिलं की बिनचॉकलेटच्या बारमध्येही साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती. जिलबीने वजन वाढतं का हे बघायला दुसऱ्या गटाला बासुंदी वाढावी, त्यातला हा प्रकार. उलट पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर बाराशे माणसं तपासली तर एकाच्याही तोंडावर पुटकुळी सापडली नाही, असं 2002 साली प्रसिद्ध झालं. ती माणसं कंद, फळं, मासे आणि नारळ खातात. साखर-मैदा जवळजवळ नाहीच. मी घरी येऊन उद्यापासून सुरण आणि रताळी असं जाहीर केलं. नवरा म्हणाला, "एकादशी किती दिवसांची आहे?" डॉक्टरीणबाईंचं म्हणणं साधं होतं. साखर, मैदा, गोड पेयं कमी करून बघा, काहींना दुधानेही त्रास वाढतो. शेंगदाण्यांवर मात्र त्यांनी आरोपपत्र ठेवलं नाही. आजीच्या पश्चात शेंगदाणे निर्दोष सुटले.

मला त्यांनी पाळी, वजन, हनुवटीवरचे केस असं सगळं विचारलं. मोठ्या वयात जबड्याच्या कडेने आलेल्या पुटकुळ्यांमागे पुष्कळदा संप्रेरकांची घालमेल असते, कधी पीसीओएस असतो. तपासण्या झाल्या, तसं काही निघालं नाही. "मग कशाने?" मी विचारलं. "वय," त्या म्हणाल्या. सोळाव्या वर्षीही वय, बेचाळिसाव्या वर्षीही वय. मधली पंचवीस वर्षं मी काय होते कोण जाणे.

एका गोष्टीबद्दल मात्र त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही इथे हसत नाही. "मेडिकलवाल्याने दिलेली एखादी ट्यूब?" त्यांनी दोनदा विचारलं. माझ्या एका मामेबहिणीने तशी लावली होती. आठ दिवसांत चेहरा नितळ आणि वर उजळ. सगळ्या नात्याने वाहवा केली. उजळपणा हा आमच्या नात्यातला सर्वोच्च नागरी सन्मान आहे. तीन महिन्यांनी लावायची बंद केली तर तोंड लालभडक, आग आग, आणि आधीच्या दुप्पट पुटकुळ्या. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने 2018 मध्ये नियम कडक केले. पण "दादा, चेहऱ्यासाठी काहीतरी द्या" या वाक्यावर अजूनही काउंटरखालून काहीतरी निघतंच. चेहऱ्यावर काय लावावं याबद्दल या लेखातून काही लक्षात ठेवणार असाल तर ट्यूबवर 'बीटामेथासोन', 'क्लोबेटासोल', 'मोमेटासोन' असले शब्द दिसले की ती परत करायची, एवढं ठेवा.

चिठ्ठीवर दोन मलमं आली. इतका लहान कागद आणि एवढी लांब उपासना मी पहिल्यांदाच बघत होते. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड, अडीच टक्के. दहा टक्क्यांचंही मिळतं, पण त्याने फायदा तेवढाच आणि आग जास्त. हे जिवाणू मारतं. रात्री अडापालिन, हे बूच बसू देत नाही. दिवसा सनस्क्रीन. अँटिबायोटिकची गोळी आत्ता नाही, आणि दिलीच तर थोडे दिवस. आयसोट्रेटिनॉइन नावाची जबरी गोळी असते, ती खोल गाठी आणि खड्डे पडणाऱ्यांसाठी. गरोदरपणात ती घेतली तर बाळाला भयंकर अपाय होतो, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच.

"अडापालिन किती लावायचं?"

"वाटाण्याएवढं. पूर्ण चेहऱ्याला मिळून."

लेकीने गंभीरपणे विचारलं, "कोरडा की भिजवलेला?"

डॉक्टरीणबाईंना पंधरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे कुणी विचारलं नव्हतं म्हणे. "ओला, हिरवा," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठीवर तसं लिहिलं. मेडिकलवाला त्या ओळीकडे बराच वेळ बघत होता.

बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं, हे त्यांनी सांगितलं होतं आणि आम्ही ऐकलंही होतं. तरी आठवड्याभरात सासूबाईंच्या विटकरी सोलापुरी चादरीवर, जिथे लेक दुपारी वाचत लोळते तिथे, एका गालाएवढा पांढरा ठसा उमटला. गाल होता तसाच होता, चादर मात्र उजळली. सासूबाई म्हणाल्या, "लागू पडतंय म्हणायचं कुणाला तरी."

आणि मुदत? बारा आठवडे. तेही पहिले दोन-तीन आठवडे कातडी सुकून सोलवटणार आणि कदाचित चार पुटकुळ्या जास्तच येणार, हे धरून. बारा आठवडे म्हणजे नागपंचमीला सुरू करा, लक्ष्मीपूजनाला बघा. आमच्या घराण्यात आजवर कुठल्याही औषधाला तीन दिवसांपेक्षा जास्त संधी मिळालेली नाही. शिवाय मधल्या काळात हात लावायचा नाही, फोडायची नाही, दाबून बघायची नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत एक फोडली की तिचा काळा डाग महिनोन्‌महिने मुक्काम करतो. वरचं येतं हातात, मूळ राहतं आत, आणि मग भिंत फुटते. मी डॉक्टरीणबाईंना आजीचं वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, "वेटिंग रूममध्ये लिहून लावते."

परवा ठाण्याला एका मुंजीत गेलो होतो. आठवा आठवडा चालू होता. एका चुलतसासूबाईंनी "कशी आहेस?" म्हणत माझी हनुवटी चिमटीत धरली, तोंड ट्यूबलाइटकडे वळवलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "जायफळ लाव." मी "हो" म्हटलं. आजवर माझ्याशी बोलणाऱ्या निम्म्या माणसांनी माझ्या पुटकुळीशीच संभाषण केलंय, आणि तिने एकालाही उत्तर दिलेलं नाही.

लेकीचं कपाळ बरंच निवळलंय. माझी जबड्याची ओळ पाचवरून दोनवर आलीये. अजून चार आठवडे बाकी आहेत. तोवर कुठे भेटलात तर एवढंच करा. बोलताना माझ्या डोळ्यांकडे बघा.